समुपदेशन शिकणाऱ्यांनो, ‘सल्ला द्यायचा नाही’ हे अंगवळणी पडायला किती वेळ लागला?

निळीशाई
नमस्कार मंडळी. समुपदेशन आणि उपयोजित मानसशास्त्र या विषयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष सगळं थिअरीच होतं, मेंदूचे भाग, स्मृती, व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, थोडं स्टॅट्स, मार्क चांगले पडले त्यामुळे आपल्याला जमतंय असंच वाटत होतं. या सेमिस्टरला काउन्सेलिंग स्किल्सचं प्रॅक्टिकल सुरू झालं. जोड्या पाडल्यात, एकीने समुपदेशक व्हायचं, दुसरीने क्लायंट, २० मिनिटं बोलायचं, रेकॉर्ड करायचं आणि मग ते शब्दन् शब्द लिहून काढायचं, हं, अं, मधले गप्प बसलेले सेकंद, सगळं. मला लिहायला सहा तास लागले.

आणि लिहून झाल्यावर वाचलं तर क्लायंटपेक्षा मीच जास्त बोललेय. मोजलं, तर २० मिनिटांत ९ वेळा मी “असं करून बघ” या अर्थाचं काहीतरी म्हटलंय. त्यातलं पहिलं दुसऱ्याच मिनिटाला, तिचं सांगून पुरतं व्हायच्या आधी. एके ठिकाणी ती म्हणते “घरी पोचलं की कुणाशी बोलावंसंच वाटत नाही” आणि मी लगेच “अगं मग थोडा वेळ एकटीच फिरून येत जा ना”. त्यावर ती “हं, बघते” म्हणाली आणि तिने विषयच बदलला. तेव्हा समोरासमोर बसून मला हे कळलंसुद्धा नव्हतं, रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते “हं, बघते” ऐकवत नाही इतकं स्पष्ट आहे.

मी हा विषय घेतला कारण शाळेपासून मैत्रिणी माझ्याकडेच येऊन मन मोकळं करायच्या, सगळे म्हणायचे तू हेच कर. आता वाटतंय की मी त्यांचं ऐकत होते की नुसतं काहीबाही सुचवत होते? जे शिकलेत किंवा शिकतायत त्यांनी सांगा, ही सवय जाते का? किती दिवसांत? आणि त्या जागी नक्की करायचं काय, नुसतं मान हलवत बसायचं?

शांतपाणी
निळीशाई, तुझी पोस्ट वाचून मी माझं पहिलं ट्रान्सक्रिप्ट आठवलं. १४ वर्षं झाली मला हे काम करायला लागून आणि अजूनही दमलेल्या दिवशी तोंडातून सल्ला निघतो. त्यामुळे किती दिवसांत जातं याचं उत्तर तुला आवडणार नाही :)

पण आधी एक गोष्ट. आपल्या भाषेतला शब्दच बघ. समुपदेशन. त्यात चक्क उपदेश बसलाय. त्यामुळे येणारा माणूसही उपदेश घ्यायच्या तयारीनेच येतो आणि शिकणारा द्यायच्या. पहिल्या सत्रात मी आजही क्लायंटला साध्या शब्दांत सांगते की मी तुम्हाला काय करा ते सांगणार नाही, आपण दोघं मिळून तुमच्या मनात काय चाललंय ते नीट बघू. काहीजणांच्या चेहऱ्यावर निराशा दिसते, तीही बोलायचीच गोष्ट असते.

आता त्या जागी काय करायचं. तुझंच वाक्य घेऊ. “घरी पोचलं की कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.” इथे तुला दोन-तीन वाटा होत्या. एक, तिचंच थोडं उचलून परत द्यायचं, “कुणाशीच...” आणि थांबायचं. दुसरी, त्यातली भावना अंदाजाने धरायची, “दिवसभरात सगळं संपून जातं, घरच्यांसाठी काही उरतच नाही, असं काहीसं?” हा अंदाज चुकला तरी चालतो बरं का, ती सांगेल “नाही नाही, उरतं, पण बोललं की वाद होतो”. बघ, चुकीच्या अंदाजानेसुद्धा दार उघडलं. सल्ल्याने ते बंद झालं होतं, कारण सल्ला आला की समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं.

नुसती मान हलवणं हे ऐकणं नाहीच. आपल्याला जे समजलंय ते समोर ठेवून तपासून घेणं हे काम आहे, आणि दमवणारं काम आहे.

दुसरीपाळी
वाचतोय. शांतपाणी ताई, “का” या शब्दाबद्दलही लिहा ना, मला आमच्या सरांनी पहिल्याच महिन्यात त्याबद्दल झापलं होतं.

शांतपाणी
हो, ते राहिलंच. “का केलंस?” हे कितीही मऊ आवाजात विचारा, त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. लहानपणापासून “का” हा प्रश्न आपल्याला चूक झाल्यावरच विचारला गेलाय. समोरचा लगेच कारणं द्यायला लागतो, म्हणजे स्वतःचा बचाव करायला लागतो. त्याऐवजी “तेव्हा काय चाललं होतं मनात?” किंवा “त्याच्या आधी काय घडलं होतं?” असं विचारलं की माणूस प्रसंगात परत जातो. एक व्यायाम देते, पुढच्या रोलप्लेत २० मिनिटं एकदाही “का” विचारायचं नाही. फार अवघड जातं, करून बघ. (हा सल्ला तुला विद्यार्थी म्हणून देतेय, क्लायंट म्हणून नाही, तेवढी मुभा घेते.)

आणखी एक जे पुस्तकात सापडत नाही कारण आपली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत. क्लायंटला तू म्हणायचं की तुम्ही? माझा नियम, सुरुवात तुम्हीनेच, १६-१७ वर्षांच्या मुलालासुद्धा विचारून घेते “तू म्हटलेलं चालेल का”. हे विचारल्याने तो एकदम ताठ होऊन बसतो, आपल्याला कुणी विचारलं म्हणून.

उंबरा
इथे थोडा इतिहास सांगतो, कारण हे शब्दन् शब्द लिहून काढायचं काम कंटाळवाणं वाटतं तेव्हा ते आलं कुठून हे माहीत असलेलं बरं. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास सत्रं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तेव्हा टेप नव्हती, फोनोग्राफच्या तबकड्या होत्या, काही मिनिटांत भरायच्या आणि बदलायला लागायच्या. १९४२ मध्ये त्याने एका क्लायंटची आठ सत्रं जशीच्या तशी छापली. त्याआधी उपचाराच्या खोलीत काय होतं हे उपचार करणारा आठवणीतून सांगेल तेवढंच बाहेर यायचं, आणि आठवण किती सोयीची असते हे निळीशाईने वर लिहिलंच आहे, समोर बसून जे कळलं नाही ते रेकॉर्डिंगमध्ये कळलं. म्हणजे तिने जे केलं तेच रॉजर्सला हवं होतं.

त्यानेच पेशंट सोडून क्लायंट हा शब्द रुजवला. १९५७ मध्ये त्याने बदल घडायला लागणाऱ्या सहा अटी मांडल्या, त्यातल्या तीन सगळ्यांना पाठ असतात, समानुभूती, सच्चेपणा आणि विनाअट स्वीकार. परीक्षेत या तीन लिहून मार्क मिळतात पण माझ्या मते दुसरी सगळ्यात अवघड. सच्चेपणा म्हणजे मनात येईल ते बोलणं नव्हे, आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं नसणं. तुम्हाला समोरच्याचा राग आलाय आणि तुम्ही गोड हसताय, तर ते त्याला जाणवतंच.

सहानुभूती आणि समानुभूती यातही गोंधळ करू नका, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास विचारतात. सहानुभूतीत मी काठावर उभं राहून हळहळतो. समानुभूतीत मी त्याच्या जागेवरून बघायचा प्रयत्न करतो, मात्र ती जागा माझी नाही हे विसरत नाही. हा “विसरत नाही” भाग लोक गाळतात.

निळीशाई
इतकं छान सांगताय सगळे, मी वहीत उतरवून घेतेय. “का” न विचारता आज मैत्रिणीशी बोलून बघितलं, दहा मिनिटांत चार वेळा जीभ चावली.

एक अजून विचारू का? आम्हाला याच सेमिस्टरला स्टॅट्स-२ आणि मानसशास्त्रीय चाचण्या असे दोन पेपर आहेत. वर्गातले अर्धे लोक म्हणतात की माणसांशी बोलायचंय तर हे कशाला. मलाही खरं सांगायचं तर कोरिलेशनच्या पुढे काही शिरत नाहीये. यातून सुटका नाहीच का?

काटकोन
स्टॅट्स शिकवतो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे असं वाटेल, तरी वाचा, कारण हा मुद्दा माझ्या फार जवळचा आहे.

समजा एक चाळणी चाचणी आहे, नैराश्य आहे का बघायची. ज्यांना खरंच आहे त्यातल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते, आणि ज्यांना नाही त्यातल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर “नाही” म्हणते. ऐकायला उत्तम चाचणी. आता १००० विद्यार्थ्यांना दिली आणि समजा त्यातल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. ५० पैकी ४५ सापडले. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना चाचणीने उगीचच “आहे” म्हटलं. म्हणजे एकूण १४० जण तुमच्या दारात येणार आणि त्यातल्या फक्त ४५ जणांना खरोखर आहे, तिघातल्या एकालाही पुरतं नाही. तुम्ही त्या १४० जणांना जाऊन “तुला डिप्रेशन आहे” सांगितलंत तर ९५ जणांच्या डोक्यात तुम्ही नसलेली गोष्ट घातलीत. हे गणित आहे का माणसांशी वागणं आहे, तुम्हीच ठरवा. माझ्यासाठी ते एकच आहे.

तुम्ही पीएचक्यू-९ शिकाल, नैराश्याची प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष द्यायचं असं धरतात. लक्ष द्यायचं, म्हणजे बसून बोलायचं. तो आकडा निदान नाही. आणि नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे, एकूण गुण ४ आले तरी नवव्याला ० सोडून काहीही असेल तर त्या माणसाशी त्याच दिवशी बोलायला हवं. हे बेरीज करून फाइलला लावणाऱ्याला कळत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते बुद्ध्यंकाचं. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत ते) १५, हे सगळ्यांना पाठ. पण चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर गुण किती सारखे येतील ते) ०.९० असली तरी मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आकडा इकडेतिकडे होण्याचं माप, जवळजवळ पावणेपाच येते, म्हणजे ९२ आकडा आला तर तो साधारण ८३ ते १०१ असा पट्टा आहे. पालकाला “९२” असं एकच सांगणं आणि हा पट्टा समजावून सांगणं यात त्या मुलाच्या आयुष्याचा फरक पडू शकतो.

खिडकीपाशी
काटकोन सर, मी इथे नुसती वाचणारी, एक पालक. माझ्या मुलाची चाचणी झाली होती तेव्हा आम्हाला एक कागद दिला, त्यावर एक आकडा आणि त्याच्या खाली एक शब्द. कुणी काही बोललं नाही. दोन वर्षं आम्ही त्या आकड्याच्या नजरेने मुलाकडे बघत होतो, अभ्यासात चुकला की मनात तो आकडा यायचा. तुम्ही आज पट्टा म्हणालात तो तेव्हा कुणी सांगितला असता तर. शिकणाऱ्या मुलांनो हा पेपर टाळू नका, एवढंच सांगायला लिहिलं.

काटकोन
तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. परवानगी असेल तर हे वर्गात सांगेन, कुणाचा उल्लेख न करता.

खिडकीपाशी
जरूर सांगा.

उंबरा
अजून एक, संशोधन वाचता यायला हवं म्हणूनही स्टॅट्स लागतंच. आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये लिहिलं की मानसोपचाराने लोक बरे होतात याला पुरावा नाही, न घेणारेही तितकेच बरे होतात. केवढी खळबळ. मग २५ वर्षांनी, १९७७ मध्ये स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचार घेतलेला सरासरी माणूस न घेतलेल्या ७५ टक्के लोकांपेक्षा बरा असतो. आज आपण “काउन्सेलिंगचा उपयोग होतो” म्हणतो ते या भांडणातून तावून निघालेलं वाक्य आहे. आणि २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांमध्ये निकाल टिकला. ज्याला आकडे वाचता येत नाहीत तो या सगळ्यात कुणाचंही ऐकतो.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचंच बघा ना, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. १९६९ मध्ये कुबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. आज सर्रास जिवलग गमावलेल्या माणसाला लावतात आणि वर “तू अजून रागाच्या पायरीवर आहेस” म्हणतात. दुःख असं जिना चढत नाही.

दुसरीपाळी
आता “उपयोजित” या शब्दाबद्दल माझे दोन पैसे, कारण सगळे काउन्सेलिंगच धरून बसलेत. मी हीच पदवी घेऊन एका कारखान्यात माणसांच्या बाजूचं काम करतो, भरती, प्रशिक्षण, पाळ्यांचं नियोजन. या शाखेचा पायाच मुळी बाहेरच्या जगातल्या अडचणींवर घातला गेलाय. १८९६ मध्ये विटमर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक काढलं ते कशामुळे तर एक शिक्षिका स्पेलिंग येत नाही म्हणून एका मुलाला घेऊन आली, म्हणाली मानसशास्त्राला यात काही करता यायला हवं. म्युन्स्टरबर्ग या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने ट्राम चालवणाऱ्यांसाठी चाचणी बनवली, रस्त्यावर कोण कुठून मध्ये येतंय यावर एकाच वेळी किती लक्ष राहतं ते तपासणारी. १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये पार्सन्सने तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं, त्याचं सूत्र आजही वापरतात: स्वतःला ओळखा, कामाला ओळखा आणि दोन्हीची सांगड विचार करून घाला.

माझं रोजचं उदाहरण देतो. रात्रपाळीत चुका वाढल्या तेव्हा साहेब लोक म्हणाले माणसं निष्काळजी झालीत, ट्रेनिंग द्या. मी आठवडाभर त्या पाळीत जाऊन बसलो, लोकांशी बोललो. दोन वेगवेगळ्या यंत्रांची बटणं सारखी दिसत होती आणि पहाटे ४ ला माणसाचं लक्ष तसंही तळाला असतं. बटणांना वेगळा रंग आणि वेगळा आकार दिला. कुणाला बोलवून समजावलं नाही. निळीशाई, तुझा सल्ल्याचा मुद्दा इथेही तोच आहे, आधी जाऊन बघायचं, ऐकायचं, मग हात घालायचा.

त्यामुळे कुणाला एकासमोर एक बसून बोलणं जमत नाही असं कळलं तरी ही पदवी वाया जात नाही. शाळा, खेळ, वाहतूक सुरक्षा, पुनर्वसन, कितीतरी जागा आहेत. फक्त एक नीट समजून घ्या, नुसत्या पदवीवर स्वतःला समुपदेशक म्हणवून बोर्ड लावू नका. त्यासाठी पुढचं शिक्षण, देखरेखीखालचे तास आणि जिथे राहता तिथल्या नियमाप्रमाणे नोंदणी, हे लागतंच.

वळणवाट
मी लिहू की नको करत होते. मी हा कोर्स दीड वर्षाने सोडला. निळीशाई, तू घाबरू नयेस म्हणून सांगतेय, घाबरवायला नाही.

मी आले तेव्हा वडील जाऊन आठ महिने झाले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, मला वाटलं याच विषयाने मला बरं वाटेल. एका रोलप्लेत माझ्या जोडीदाराच्या कागदावर “आजारी वडील” असं होतं आणि मी तिला बोलूच दिलं नाही. सारखी “पण ते बरे होतील ना, डॉक्टर काय म्हणतात” असं विचारत राहिले. शिकवणाऱ्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं की ही भीती कुणाची आहे, तिची की तुझी. प्रश्न बरोबर होता. जागा चुकली. मी त्या दिवशी उठून गेले आणि परत फारशी गेलेच नाही.

नंतर स्वतः एका समुपदेशकाकडे गेले, जवळजवळ वर्षभर. तिथे मला कळलं की सल्ला देणं ही माझी स्वतःला वाचवायची पद्धत होती. समोरच्याचं दुःख माझ्यापर्यंत पोचायच्या आत मी त्याच्यावर काहीतरी झाकण ठेवायचे. उपाय सुचवला की मला सुटल्यासारखं व्हायचं, समोरचा तिथेच. तू लिहिलंयस ना ९ वेळा, तर त्या ९ जागांवर पेन्सिलने लिही की त्या क्षणी तुला काय होत होतं. मला वाटतं ते तिथेच सापडेल.

शांतपाणी
वळणवाट, तू लिहिलंस हे फार मोलाचं आहे. आणि तुझ्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं, असा प्रश्न सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांबरोबर आपल्या कामाचा आढावा घेताना, दार लावून विचारायचा असतो.

याला आमच्याकडे प्रतिसंक्रमण म्हणतात, क्लायंटच्या गोष्टीने आपल्या आतलं जे हलतं ते. ते होणं चूक नाही, ते कळलं नाही तर त्रास. म्हणूनच बऱ्याच अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने स्वतः काही तास क्लायंटच्या खुर्चीत बसावं असा आग्रह असतो. निळीशाई, तुमच्याकडे सक्ती नसली तरी बसच. त्या खुर्चीतून समोरचं माणूस घड्याळाकडे बघतं तेव्हा कसं वाटतं हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळत नाही.

आणि सुपरव्हिजनला जाताना चांगलं झालेलं सत्र घेऊन जाऊ नका. सगळे तेच करतात. ज्या ओळीपाशी लाज वाटते ती ओळ न्या.

निळीशाई
वळणवाट ताई, तुमची पोस्ट वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. पेन्सिलीने लिहिलं. ९ पैकी ६ ठिकाणी एकच, “आता ही रडेल”. मला कुणी समोर रडलेलं सहन होत नाही हे मला माहीतच नव्हतं.

यावरून एक भीती वाटतेय ती विचारते. उद्या खऱ्या क्लायंटने मरणाबद्दल काही म्हटलं तर? आम्हाला पुढच्या महिन्यात हे शिकवणारेत पण वर्गात कुजबूज आहे की त्याबद्दल थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येतं.

शांतपाणी
नाही. हा गैरसमज आहे आणि धोक्याचा आहे. यावर बराच अभ्यास झालाय, थेट विचारल्याने विचार वाढत नाहीत, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की कुणीतरी शब्द उच्चारला. आडून विचारू नका, “तसं काही नाही ना?” असं तर मुळीच नाही, त्यात नाही हे उत्तर आपणच दिलेलं असतं. सरळ, “जीव द्यावा असं मनात येतं का?” आवाज नेहमीचा ठेवायचा. हो आलं तर पुढे काही ठरवलंय का, आज कितपत सुरक्षित वाटतंय, सोबत कोण आहे, हे विचारायचं आणि विद्यार्थी म्हणून एकटीने काहीही डोक्यावर घ्यायचं नाही, त्याच क्षणी सुपरवायझरला कळवायचं, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

आणि म्हणूनच गोपनीयतेचं पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचं असतं. तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे किंवा एखाद्या मुलाला इजा होतेय असं वाटलं तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच. आधी सांगितलं असेल तर वेळ आल्यावर तो विश्वासघात होत नाही. शिवाय मी शिकतेय आणि माझं काम वरिष्ठ बघतात हेही सांगायचं, लपवायचं नाही.

उंबरा
+१. आणि रोलप्लेलाही हेच नियम लागतात बरं का, हे विद्यार्थी विसरतात. क्लायंट झालेली मैत्रीण बहुतेक वेळा खरंच काहीतरी बोलून जाते. ते रेकॉर्डिंग तुमच्या मोबाईलमध्ये पडून असतं, घरात कुणीही मोबाईल उचलतं. लेखी संमती, फाइलला नाव न देणं, ट्रान्सक्रिप्टमधून ओळख पटेल असं सगळं काढणं, आणि काम झालं की पुसणं.

निळीशाई
हे मी केलंच नव्हतं. रेकॉर्डिंग तिच्या नावानेच सेव्ह होतं, गॅलरीत, फोटोंच्या मध्ये.

निळीशाई
अपडेट द्यायला आले, तीन आठवडे झाले. दुसरं रोलप्ले झालं, तीच जोडी. या वेळी संमतीचा कागद आधी दोघींनी वाचला, कुठपर्यंत वापरणार, कोण ऐकणार, कधी पुसणार सगळं लिहून.

मोजणी: सल्ले २. “का” ३ वेळा, त्यातला एक तरी खरंच जाब विचारल्यासारखा आलाय. ती १२ मिनिटं बोलली, मी ५, बाकी शांतता. एके ठिकाणी १४ सेकंद कुणीच बोललेलं नाही, ट्रान्सक्रिप्टमध्ये नुसता आकडा दिसतो पण तेव्हा मला ते संपतच नाहीये असं वाटत होतं, हातातलं पेन घट्ट धरून बसले होते. मग तिने परत त्याच वाक्यापासून सुरुवात केली, घरी पोचलं की. या वेळी पुढचं सांगितलं. काय ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

तिचे डोळे भरून आले आणि मी काही केलं नाही, बसून राहिले. बरोबर केलं का चूक ते माहीत नाही, ती ओळ ३८ आहे, गुरुवारी सुपरव्हिजनला तीच घेऊन जातेय.

शांतपाणी
ओळ ३८ नक्की घेऊन जा. आणि तिला नंतर विचारलंस का, घरी जाताना बरी होती का?

निळीशाई
हो ताई, विचारलं. भूमिकेतून बाहेर यायला आम्ही दोघींनी खुर्च्या बदलल्या, मग थोडं इकडचं तिकडचं बोललो. म्हणाली ठीक आहे, आणि हवं असेल तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे जाईन म्हणाली, त्यांची वेळ मी तिच्यासमोरच बघून दिली. पहिलं रेकॉर्डिंग तिला शेजारी बसवून डिलीट केलं, ट्रॅश फोल्डरमधूनही. दुसरं गुरुवारनंतर.